सोफीचा भाऊ

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत खून नाही, दरोडा नाही आणि प्रेमभंगही नाही. एका साध्या मीटर-तपासनिसाच्या मनात संशयाने प्रवेश कसा केला, तो त्याच्या घरापर्यंत कसा येऊन पोहोचला आणि सरतेशेवटी त्याच्या हाती काय लागले, एवढेच येथे यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. गणिताचे नाव काढताच ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनीही निर्धास्तपणे वाचावे. गणित यात आहे, परंतु ते सोडवायचे नाही.

“या गणितज्ञाची दृष्टी—”

प्रश्नमास्तरांनी एवढेच शब्द उच्चारले आणि घंटी वाजली. पुलापलीकडच्या शाळेच्या बाकावरील एक किरकोळ अंगाची मुलगी उभी राहिली. तिच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती.

“ऑयलर. डोळे गेले तरी तो थांबला नाही. तोंडाने सांगायचा आणि दुसऱ्यांकडून लिहून घ्यायचा.”

उत्तर बरोबर होते. सभागृहात टाळ्या पडल्या. प्रश्नमास्तरांनी पुढचा कागद उचलला.

“बरोबरीच्या चिन्हासाठी त्याने दोन—”

पुन्हा घंटी. पुन्हा तीच मुलगी.

“रॉबर्ट रेकॉर्ड. तो म्हणाला, दोन समांतर रेघांइतकं एकसारखं जगात दुसरं काही नसतं.”

या वेळी टाळ्या कमी पडल्या. पुढच्या रांगेतील एक शिक्षक शेजाऱ्याला सांगितल्यासारखे करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “प्रश्न पुरा व्हायची गरजच काय? उत्तरं आधीच घरपोच झालेली दिसतायत.”

लोक हसले. प्रश्नमास्तर हसले नाहीत. त्यांच्या कानशिलांवर ऊन पडावे तसे झाले.

शालेय गणित प्रश्नमंजूषेची ती उपांत्य फेरी होती. ही स्पर्धा प्रश्नमास्तरांनी ऐन तारुण्यात सुरू केली आणि आता डोक्यावरचे केस विरळ होईपर्यंत प्रश्न काढण्याचा व विचारण्याचा मान अखंड त्यांच्याकडेच राहिला होता. वास्तविक ते शिक्षक नव्हेत. वीज कार्यालयात ते मीटर-तपासनीस होते. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली, पायऱ्यांवर, अडगळीच्या खोल्यांत वाकून मीटरचे सील शाबूत आहे की नाही हे पाहायचे, आणि चोरून जोडलेली वायर शोधून काढायची, हा त्यांचा पेशा. कार्यालयात त्यांना कोणी आदराने हाक मारल्याचे ऐकिवात नाही. परंतु वर्षातून एकदा सभागृहात शाळाशाळांची मुले त्यांना पाहून उठून उभी राहत आणि “नमस्कार सर” म्हणत. त्या एका नमस्कारावर त्यांचे उरलेले वर्ष निघत असे.

फेरी आटोपल्यावर समितीच्या अध्यक्षीणबाईंनी त्यांना बाजूला घेतले. या बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीनंतरही समोरच्या माणसाला पट्टीसारखे सरळ उभे करण्याचे त्यांचे सामर्थ्य कमी झाले नव्हते.

“मास्तर, प्रश्न फुटलेत.”

“बाई, पाकिटं लाखेनं बंद केलेली असतात. किल्ली माझ्या खिशात असते. झोपतानासुद्धा.”

“मग त्या पोरीला काय स्वप्न पडतं? हे बघा, मी तुमच्यावर आळ घेत नाहीये. पण चार शाळांनी तक्रार केलीय. अंतिम फेरीतही असंच झालं, तर पुढच्या वर्षी प्रश्न दुसऱ्या कोणाकडे द्यावे लागतील. माझाही नाइलाज होईल.”

“मी शोधतो,” मास्तर म्हणाले. “वायर कुठून जोडलीय ते मला सापडतं. माझं कामच ते.”

त्यांनी प्रथम झेरॉक्सवाल्याला धरले. हा गृहस्थ यंत्राचे झाकण उघडेच ठेवून चहा पीत होता.

“माझे कागद तुझ्याकडे आले, तेव्हा दुकानात कोण कोण होतं?”

“का हो मास्तर? पान कमी आलं की काय?”

“कोण होतं ते सांग.”

झेरॉक्सवाल्याने कप खाली ठेवला. “अहो, तुम्ही स्वतः यंत्रापाशी उभे होतात. मलासुद्धा म्हणालात, तिकडं तोंड कर. मी भिंतीकडं तोंड करून झेरॉक्स काढली, वर्षानुवर्षं तशीच काढतोय. आणि मला सातचा पाढा धड येत नाही. मी तुमचे प्रश्न फोडून करू काय? फोडायचेच झाले तर बोर्डाचे फोडीन, गिऱ्हाईक तरी मिळेल!”

मास्तरांना हे पटले, आणि पटले म्हणूनच ते अधिक अस्वस्थ झाले. त्यानंतर त्यांनी सभागृहाच्या रखवालदाराकडे चौकशी केली, पुलापलीकडच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकाच्या नातेवाइकांची माहिती काढली, आणि अखेरीस मीटर तपासण्याच्या मिषाने ते थेट त्या मुलीच्या घरी जाऊन धडकले.

घर म्हणजे सायकल दुरुस्तीचे दुकान आणि त्याच्या मागे एक खोली. मीटरचे सील शाबूत होते. मुलीचा बाप ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. मास्तरांना ओळखताच तो लगबगीने उठला व हात पँटला पुसू लागला.

“अहो सर, तुम्ही! बसा ना. बॉबिन घरी नाहीये. आम्ही तिला बॉबिनच म्हणतो, हे नाव पण तुमच्याच घरचं.”

“माझ्या घरचं?”

“म्हणजे काय! ताईंनी ठेवलंय. दुपारी शिवण शिकायला जाते ना ती तुमच्या ताईंकडं. मशिनीतल्या रिळासारखी गरगर फिरते म्हणून बॉबिन. तुम्हाला ठाऊक नाही?”

मास्तरांना ठाऊक नव्हते. दुपारी ते लोकांच्या जिन्याखाली असत. घरी ताईकडे, म्हणजे बहिणीकडे, चारपाच मुली शिवण शिकायला येतात एवढेच त्यांना माहीत होते. त्या मुलींना तोंडे असतील, नावे असतील, शाळा असतील, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

ते घरी परतले ते अवेळी, भर दुपारी. जिना चढताना त्यांनी बूट हातात घेतले. दार अर्धवट लोटलेले होते. आतून कात्रीचा कापड कापत जाण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावर ताईचा आवाज.

“…तर गुरुजींना वाटलं, पोरं आता तासभर गप्प बसतील. एकपासून शंभरपर्यंत बेरीज, म्हणजे काय चेष्टा आहे? पण हा गाउस, एवढासा पोर, लगेच पाटी टाकून मोकळा!”

“कसं काय, ताई?” एका मुलीने विचारले.

“एक आणि शंभर, एकशे एक. दोन आणि नव्याण्णव, एकशे एक. अशा पन्नास जोड्या लावल्या त्यानं, बाहीला बाही जुळवावी तशा. हातशिलाई सरळ घाल गं, मान वर करून ऐकू नकोस.”

बाहीला बाही! ही उपमा मास्तरांची होती. ताईला कळावे म्हणून, जेवताना, त्यांनी स्वतःच योजलेली.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. प्रश्न तयार करण्याची मास्तरांची एक ठरीव पद्धत होती. नवी माहिती मिळाली की ते ती प्रथम ताईला गोष्टीसारखी सांगत. ताई त्यांच्याहून मोठी. आई गेली तेव्हा घरात एकालाच शाळेत पाठवणे शक्य होते. तिने आपले दप्तर उसवून, पट्टा आखूड करून ते भावाच्या खांद्याला बसवले, आणि स्वतः शिवणयंत्रावर बसली, ती बसलीच. पुढे दोघांनीही लग्न केले नाही. रात्रीचे जेवण वाढताना ती विचारी, “आज कोण भेटलं?” म्हणजे कोणता गणितज्ञ. मग मास्तर सांगत, आणि ती घास हातात धरून म्हणे, “आणि मग? पुढं?” तिला गोष्ट कळली, तर ती मुलांना कळेल, असा मास्तरांचा हिशेब होता. मग ते आपल्या खोलीत जात, दार लावून घेत, तिचा प्रश्न बनवत, पाकिटावर लाख ओतत आणि कपाटाला कुलूप घालत. जेवणाच्या पाटावर सांडून आलेली गोष्ट आपण कुलपात ठेवत आहोत, हे त्यांच्या ध्यानात कधीही आले नाही.

ते आजही आले नाही. जिन्यात उभे असताना त्यांच्या मनात आले ते वेगळेच. ‘आणि मग? पुढं?’ हे कुतूहल होते, की ती काढून घेत होती?

संशयाचा एक गुण असा की तो मागे जाऊन जुन्या दिवसांनाही डाग पाडतो. ताईने कधी वाढलेली जास्तीची भाजी, कधी अंगावर घातलेले पांघरूण, कधी “दमलास का रे” म्हणून केलेली विचारपूस, हे सर्व मास्तरांना त्या जिन्यात नव्याने आठवू लागले, आणि प्रत्येकामागे त्यांना एक चोरून जोडलेली वायर दिसू लागली.

आत जाऊन एक शब्द विचारला असता तर ही कथा येथेच संपली असती. परंतु त्यांच्या पेशाची शिकवण निराळी होती. चोरी दिसली की ओरडायचे नाही. ओरडले की वायर ओढून घेतात आणि हात वर करतात. पुरावा हातात येऊ द्यायचा. ते तसेच पाय न वाजवता खाली उतरले आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी बूट वाजवत घरी आले.

“आज कोण भेटलं?” ताईने ताट वाढताना विचारले.

“आज बाई भेटली,” मास्तर म्हणाले. “सोफी जर्मेन.”

“बाई?” ताई पळी हातात घेऊनच समोर बसली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई आणलीस. बोल की मग.”

मास्तरांनी गोष्ट सुरू केली, आणि बरीचशी खरी सांगितली. सोफी लहान असताना घरच्यांना तिचा अभ्यास पसंत नव्हता. रात्री तिने वाचू नये म्हणून तिचे गरम कपडे आणि मेणबत्त्या काढून घेत, असे सांगतात. तरी ती पांघरुणात गुरफटून, लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात गणिते करी. पुढे मुलींना उच्च शिक्षणाच्या संस्थेत प्रवेश नव्हता. म्हणून तिने एका पुरुषाचे नाव घेतले आणि त्या नावाने मोठ्या गणितज्ञांना पत्रे पाठवली.

“कोणाचं नाव घेतलं?” ताईने विचारले.

खरे उत्तर असे की ती संस्था सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव सोफीने घेतले होते. प्रश्न हाच होता. मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला.

“भावाचं,” ते म्हणाले.

“भावाच्या नकळत?”

“नाही. भावानंच दिलं.” एवढ्यावर थांबायचे त्यांनी ठरवले होते. परंतु ताई अशी पाहत होती की खोटे आपोआप पुढे चालू लागले. “तो म्हणाला, ‘माझं नाव मला काही कामाला येत नाही. तू वापर.’”

या वेळी ताईने “आणि मग?” असे विचारले नाही. पळी भांड्यात ठेवली आणि हात पुसला, कोरडा होता तरी पुसला.

“चांगला निघाला,” ती म्हणाली. “त्या काळात असं कोण म्हणतं? आत्तासुद्धा कोण म्हणतं?” मग तिने त्यांच्या पानात न विचारता आणखी भात वाढला. “खा. वाळलायस.”

मास्तर मान खाली घालून जेवले. पुरावा तयार करण्याचे काम नीट झाले होते.

अंतिम फेरीच्या दिवशी सभागृह खच्चून भरले होते. दोन संघ शेवटपर्यंत बरोबरीत राहिले, नदीकाठच्या मोठ्या शाळेचा आणि पुलापलीकडच्या शाळेचा. जो जिंकेल त्याच्या मुलांना वरच्या स्पर्धेला दुसऱ्या शहरी नेणार होते. बॉबिनचा बाप नवा शर्ट घालून मागे उभा होता. त्या शर्टाची कॉलर मास्तरांनी लांबूनही ओळखली. तशी कॉलर गावात एकच हात शिवत असे.

आणि त्या बापाच्या शेजारी ताई होती. इतक्या वर्षांत ती एकदाही या स्पर्धेला आली नव्हती. “मला काय कळतंय त्यातलं?” असे म्हणून ती घरीच राही. आज ती ठेवणीतले कपडे घालून, हातातली पिशवी छातीशी धरून उभी होती, आणि कोणीतरी खुर्ची दिल्यावर अगदी कडेवर बसली.

मास्तरांना वाटले, हा प्रश्न बाजूला ठेवावा. पाकिटात दुसरे प्रश्न होते. त्यांनी अध्यक्षीणबाईंकडे पाहिले. बाई त्यांच्याकडेच पाहत होत्या.

“शेवटचा प्रश्न,” त्यांनी वाचले. “सोफी जर्मेन हिने—”

घंटी वाजली. बॉबिन इतक्या वेगाने उठली की बाक हलला.

“भावाच्या! भावाच्या नावानं पत्रं लिहिली!”

सभागृहात कुजबूज उठली. मास्तरांनी प्रश्न शेवटपर्यंत वाचला. तो हाच होता, की सोफीने कोणाच्या नावाने पत्रे लिहिली. मग ते म्हणाले, “उत्तर चूक.”

“नाही सर,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज उद्धट नव्हता. ती त्यांना मदत करू पाहत होती. “बरोबर आहे. तो म्हणाला, माझं नाव मला काही कामाला येत नाही, तू वापर. मला पक्कं माहीत आहे.”

स्वतःचे वाक्य ध्वनिक्षेपकातून सभागृहभर फिरून मास्तरांकडे परत आले. त्यांना हवा होता तो पुरावा हाच.

“उत्तर चूक आहे. बसा.”

बॉबिनने चष्मा सावरला आणि मागे वळून ताईकडे पाहिले. ताई खुर्चीतून अर्धवट उठली होती. ती मास्तरांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानदाराने ओळखीच्या कापडाचा भलताच भाव सांगितल्यावर माणूस जसा पाहतो, तशी ती पाहत होती. आता हा हसेल आणि खरे बोलेल, या आशेने.

नदीकाठच्या शाळेच्या मुलाने उत्तर दिले, “संस्था सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या.” टाळ्या झाल्या. बक्षीस झाले. छायाचित्रे निघाली.

“सापडलं?” अध्यक्षीणबाईंनी जाताना हळूच विचारले.

“सापडलं. आता फुटणार नाही.”

“कोण होतं?”

“बाहेरचं कोणी नव्हतं,” मास्तर म्हणाले.

बाईंनी अधिक विचारले नाही. “बरं झालं. पुढच्या वर्षीही तुम्हीच या मग,” असे म्हणून त्या गेल्या.

मास्तर घरी पोहोचले तेव्हा ताई यंत्रापुढच्या स्टुलावर बसली होती. कपडे बदललेले नव्हते. पिशवी मांडीवर होती.

“तिला भाऊ नव्हता?” तिने विचारले.

“नाही. बहिणी होत्या.”

“मग ते… ‘तू वापर’ म्हणाला ते?”

“ते मी घातलं.”

“का रे?”

“प्रश्न फुटत होते, ताई. माझे प्रश्न त्या पोरीला आधीच ठाऊक असायचे. लोक माझ्याकडं बोट दाखवत होते. माझ्या हातून सगळं जाणार होतं.”

“माझ्याकडून फुटत होते?”

“तूच सांगत होतीस ना त्यांना? मी जिन्यातून ऐकलं.”

“सांगत होते. मी कुठं नाही म्हणतेय?” ताईने पिशवी खाली ठेवली. “पोरी हात चालवतात, मी गोष्टी सांगते. तू कुलपात काय ठेवतोस ते मला काय ठाऊक? मला वाटायचं, अवघड असेल ते तू कपाटात ठेवतोस आणि मला कळेल असं सोपं तेवढं मला सांगतोस.”

मास्तर उभेच राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती वायर कुठून निघाली होती ते त्यांना दिसले. ती त्यांच्याच पानावरून निघाली होती.

“मला विचारायचं होतंस,” ताई म्हणाली. “जिन्यातून वर यायचं आणि विचारायचं.”

येथे मास्तरांनी गप्प राहायला हवे होते. परंतु पेशा तोंडातून बोलला.

“तू खरं सांगितलं असतंस?”

ताई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने ताट वाढले. त्यात काहीही कमी नव्हते.

दुसऱ्या दिवशी बॉबिन शिवणाला आली. मास्तर त्या दिवशी मुद्दाम रजा घेऊन घरी थांबले होते. दारात येऊन ते म्हणाले, “बाळ, चूक तुझी नव्हती. मी गोष्ट खोटी सांगितली होती.” मुलीने ताईकडे पाहिले, मग सुईकडे, आणि म्हणाली, “हो सर. ताईंनी सकाळीच घरी येऊन बाबांना सांगितलं.” एवढे बोलून तिने काज करायला घेतले. मास्तरांनी अध्यक्षीणबाईंकडे जाऊन सर्व हकिगत सांगितली. बाई म्हणाल्या, निकाल आता फिरवता येत नाही. शिवाय उत्तर चूकच होते.

घरात भांडण झाले नाही. ताई पूर्वीसारखीच उठे, पूर्वीसारखीच वाढे. “आज कोण भेटलं?” हे मात्र तिने पुन्हा विचारले नाही. एकदा मास्तरांनी आपण होऊन गाल्वाची गोष्ट काढली. विशीतला पोरगा, द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री आपले गणित घाईघाईने लिहून ठेवणारा. गोष्ट खरी होती आणि त्यांनी ती अक्षर न बदलता सांगितली. ताईने पूर्ण ऐकली. शेवटी म्हणाली, “असेल.”

त्यानंतरच्या एका रविवारी मास्तर गच्चीच्या दारात उभे होते. दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते.

“ताई, कपडे वाळलेत,” ते म्हणाले. “आत आणू का?”

“थांब,” आतून आवाज आला.

ताई बाहेर आली. तिने दोरीवरचा एकेक कपडा चिमटीत धरून पाहिला. चादरीची किनार, उशीच्या अभ्र्याचे कोपरे. मास्तरांच्या शर्टापाशी ती थोडी थांबली. कॉलर उलटून तिने आतल्या शिवणीवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“हो,” ती म्हणाली. “वाळलेत.”

आणि ती ते एकेक करून काढू लागली. मास्तरांनी हात पुढे केले, तेव्हा तिने थोडे त्यांच्या हातांवर ठेवले आणि बाकीचे स्वतः घेतले.

येथे ही कथा पूर्ण झाली. शाळेची पायरी अर्ध्यावर सोडलेल्या माणसाने लिहिलेले हे चार शब्द आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणापासून आभारी आहे. काही न्यून राहिले असल्यास ते माझे समजावे. सोफीविषयी जे खरे म्हणून सांगितले आहे, ते मात्र मी चार जाणत्यांना विचारूनच लिहिले आहे.

आपला नम्र,
सभागृहाचा माइकवाला